गच्चीवरच्या कर्ण्याची कबुली

मी एक जुना कर्णा आहे. शाळेच्या गच्चीवर असतो ना, पसरट तोंडाचा राखाडी लाऊडस्पीकर, तो मी. सध्या माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या बाकावर आहे. शेजारी गुंडाळलेले नकाशे आहेत आणि एक पाय नसलेली खुर्ची आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की पुढे काय येणार हे तुम्हांला पाठ असतं. आधी तोरा, मग कौतुक आणि शेवटी धुळीचं रडगाणं. धूळ माझ्यावरही आहे, पण तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी इथं का आलो ते मला ठाऊक आहे, आणि झालं ते योग्यच झालं.

माझा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला यंत्रानं दाबून आकार दिला, आत चुंबक बसवलं आणि मला खोक्यात घातलं. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दोन महिने मी दारावर टांगलेला होतो. मग कसबा पेठेतल्या एका गणेश मंडळानं मला विकत घेतलं आणि तिथल्याच तांबटांच्या आळीतल्या शाळेला देऊन टाकलं. माझ्या पोटावर लाल रंगात 'सप्रेम भेट' लिहिलं आणि त्याखाली सात पदाधिकाऱ्यांची नावं. माझ्यापेक्षा नावांनाच रंग जास्त लागला.

शाळा पाचवी ते दहावी, लहानशी. अंगण तर एवढंसं की मुलं उभी राहिली की वाऱ्यालाही जागा विचारावी लागे. मला अंगणाकडे तोंड करून बसवलं असतं तर मुलांचे कान फुटले असते. म्हणून जयसिंग वायरमननं गच्चीच्या कठड्यावर मला आळीकडे वळवून बसवलं. "आवाज भिंतीवर आपटून आत येतोच," तो म्हणाला. येतही होता. पण भिंतीवर आपटण्याआधी तो सगळ्या आळीत फिरून येत होता, आणि याचा विचार कुणी केला नाही. मीही केला नाही, कारण मला ते फार आवडत होतं.

रोज पावणेअकराला परिपाठ सुरू होई. खाली आळीत तांबटांच्या हातोड्यांची ठकठक चाललेली असे. राष्ट्रगीत लागलं की ती थांबे, माणसं जागच्या जागी उभी राहत. मग प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. चहावाल्याच्या बाकावरची मंडळी माझ्यावरूनच ठरवत की आज तारीख कोणती. "कर्णा बोलला की घड्याळ लावावं," असं म्हणत. हे ऐकून मी फुगून जाई. फुगण्यासारखं माझं स्वतःचं काय होतं? दुसऱ्याचं बोलणं मोठं करून सांगायचं, एवढाच तर माझा धंदा.

जिनत पाचवीत आली तेव्हा मी तिथं रुळून सहा वर्षं झाली होती. तिच्या वडिलांचं, चांदभाईंचं, कल्हईचं दुकान शाळेच्या समोरच्या बाजूला चार घरं सोडून होतं. लोकांना पुन्हा पितळेच्या भांड्यांची हौस आली होती, त्यामुळे दुकान बरं चालायचं. भट्टीवर पातेलं तापायचं, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि चांदभाई कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवायचे की काळं पातेलं बघता बघता चांदीसारखं होई.

परिपाठात प्रत्येक मुलाची पाळी हजेरीच्या क्रमानं येई. वाचायचा मजकूर आदल्या दिवशी चिठ्ठीवर मिळे. जिनतच्या वाट्याला पहिल्यांदा आली ती बोधकथा. मित्रांनो, सहा वर्षांत माझ्या तोंडून शेकडो कोल्हे आणि करकोचे जाऊन आले होते, पण तिचा कोल्हा खराखुरा कोल्हा होता. त्याला लबाडी येत होती. तो खोकत होता. आळीतल्या हातोड्या राष्ट्रगीत नसतानाही थांबल्या. चांदभाईंनी भाता ओढायचा थांबवला आणि पातेलं थंड होऊ दिलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा वाचायला येणारी जिनत आठवड्यातून दोनदा उभी राहू लागली. सर्वांनाच तिचा आवाज हवा होता आणि सर्वांत जास्त मला.

आता कबुलीचा पहिला भाग. मला तिचं गुपित माहीत होतं.

वाचणारी मुलं ओळ संपली की श्वास घेतात, वाक्य अर्ध्यात असलं तरी. डोळे खालची ओळ शोधत असतात, म्हणून आवाज क्षणभर रेंगाळतो. माईकमधून आलेला एकूण एक श्वास माझ्यातून जातो, तो मला कळतो. जिनत ओळीशी कधीच थांबत नसे. ती गोष्टीत थांबायला हवं तिथं थांबे. एकदा तिच्या हातातली चिठ्ठी वाऱ्यानं उडाली. गोष्टीतला कोल्हा तेव्हा विहिरीत होता. चिठ्ठी भिंतीपलीकडे गेली आणि कोल्हा मात्र बिनचूक वर आला. सगळ्यांनी तिच्या तयारीला टाळ्या वाजवल्या.

शिवाय गच्चीवरून मला शाळेचा कोपरा दिसे. वाचायचं असेल त्या दिवशी तिची आई रशीदा तिला घेऊन लवकर येई. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसत. आई चिठ्ठी वाचे, जिनत डोळे मिटून ऐके. दोनदा. फार तर तिसऱ्यांदा. मग आई चिठ्ठीची घडी करून तिच्या मुठीत देई आणि केसांवरून हात फिरवी. जिनतला वाचता येत नव्हतं. सातवीत पोचली तरी अक्षरं तिच्यासमोर एका जागी उभी राहत नव्हती. तिनं ते आवाजाच्या आणि स्मरणाच्या मागे असं लपवलं होतं की शिक्षकांनाच काय, वडिलांनाही पत्ता नव्हता.

मी कुणाला सांगणार होतो? कर्णा स्वतःचं काही बोलत नाही, हे खरं. पण मला त्याची मजा वाटत होती, हेही खरं. ती मुलगी रोज किती घाबरत असेल, वर्गात कुणी "पुढचा परिच्छेद वाच" म्हटलं की ती काय काय निमित्तं काढत असेल, याचा विचार मी एकदाही केला नाही. तिच्यामुळे माझं नाव होत होतं ना, मग झालं.

श्यामसुंदर सर सातवीचे वर्गशिक्षक. परिपाठही त्यांच्याकडेच. माणूस कामाचा, मुलांसाठी झटणारा. फक्त जीभ तिखट. उशिरा आलेल्या मुलाला ते म्हणत, "या, या. आपल्यासाठीच शाळा उद्यापर्यंत थांबणार होती." मुलं हसत, उशिरा आलेलाही हसे. सरांना वाटे, आपलं बोलणं कुणाला लागत नाही.

जानेवारीत एका सोमवारी शाळेत तपासणीला पाहुणे यायचे होते. त्याआधी दोन महिने माझी वायर सैल झाली होती. मी निम्मं बोलत होतो, निम्मं खरखरत होतो. शनिवारी जयसिंगनं नवी वायर टाकली. सोमवारी सकाळी मी असा ठणठणीत होतो की कधी नव्हे इतका. मित्रांनो, दोन महिने कुरकुरलो, आणखी एक दिवस कुरकुरलो असतो तर माझं काय जाणार होतं?

परिपाठाला सुरुवात झाली. पाहुणे खुर्च्यांवर बसले. तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या खोलीतून स्वागताचा कागद आला. तो नुकताच छापून झाला होता. त्यात पाहुण्यांची नावं, पदव्या, शाळेची माहिती असं पानभर. सरांनी तो घेतला आणि रांगेत नजर टाकली.

"जिनत, ये. तुझ्याशिवाय हे कुणाला देऊ?"

बघा, यात सरांचा वाईट हेतू तिळभरही नव्हता. सगळ्यात चांगल्या मुलीला त्यांनी सगळ्यात मानाचं काम दिलं. जिनत पुढे आली. तिनं कागद धरला. मी वाट बघत होतो आणि माझ्यातून फक्त तिचा श्वास बाहेर पडत होता. खाली चांदभाईंनी नेहमीप्रमाणे भाता थांबवला.

ती सुरू झाली. एक अक्षर, मग बराच वेळ, मग दुसरं. पहिला शब्द अर्धा झाला आणि तिनं तो पुन्हा पहिल्यापासून धरला. मग पुन्हा. तिचे ओठ कोरडे पडल्याचा आवाजही मी आळीला ऐकवला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू पसरत गेलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सर घाईनं तिच्याजवळ आले. त्यांना वाटलं, ही मुद्दाम करते आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते म्हणाले,

"अगं, कागद आहे तो, पातेलं नाही. घासून घासून उजळणार नाही तो. वाचतेस का कल्हई करतेस?"

ते तिला एकटीला म्हणाले होते, हळू आवाजात. पण माईक दोघांच्या मध्ये होता आणि चालू होता. हळू आवाज मोठा करायचा, हे तर माझं कामच. अंगणात हशा झाला. मग जिनतनं माईककडे बघितलं आणि जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणाली,

"मला वाचता येत नाही."

आणि हा कबुलीचा दुसरा भाग: ते मी सगळ्या आळीला सांगितलं. स्वच्छ, एकही शब्द न गाळता. तांबटांना सांगितलं, चहाच्या बाकाला सांगितलं, पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचवलं. आणि चार घरं सोडून भट्टीशी बसलेल्या तिच्या बापाला सांगितलं. इतका चांगला आवाज माझा पूर्वी कधी लागला नव्हता.

चांदभाई आले ते तसेच, हात काळे, कपाळावर घाम. तिच्या हातातला कागद घेऊन सरांना परत दिला, तिचा हात धरला आणि घेऊन गेले. कागदावर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते.

मंगळवारी जिनत आली नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. आळीतली पोरं खेळताना तिची नक्कल करत, एक एक अक्षर लांबवत. बरोबर सगळं जमायचं त्यांना, कारण मी त्यांना नीट ऐकवलं होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर श्यामसुंदर सर चांदभाईंच्या दुकानात गेले. आळी अरुंद, ओट्यावरचं बोलणं गच्चीपर्यंत सहज येतं. सरांच्या काखेत जिनतच्या वह्या होत्या.

"बसा, सर," चांदभाई म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं पोतं झटकून पुढे केलं.

सर बसले. "चांदभाई, मी जे बोललो…"

"कल्हईचं म्हणता? त्याचं काही नाही. घासतोच की आम्ही, त्यात लाज कसली." चांदभाई खाली बघत बोलत होते. "पोर चार दिवस एकच विचारते. अब्बा, सगळ्यांना ऐकू गेलं का? तिला काय सांगू मी? गेलं, बेटा. सगळ्यांना गेलं."

सरांनी काखेतल्या वह्या सावरल्या. मग म्हणाले, "मी उद्या त्याच कर्ण्यावरून माफी मागतो. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी."

"बुंद से गई वो हौद से नहीं आती, सर."

आतून रशीदा बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "चूक माझी पण आहे, सर. मीच तिला ऐकवून पाठ करून द्यायची. यांनाही सांगितलं नाही. वाटायचं, आज येईल, उद्या येईल. पोरगी हुशार आहे हो. सगळे कौतुक करत होते तिचं. ते कौतुक जाईल म्हणून मी गप्प राहिले."

"पाठ?" सरांनी विचारलं. "एवढं पानभर? किती दिवस लागायचे?"

"दिवस कुठले! शाळेत येताना, त्या पायरीवर. दोनदा वाचून दाखवायची मी."

सरांनी वह्या मांडीवर घेतल्या. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. "प्रत्येक वहीत मी हेच लिहिलंय," ते म्हणाले. "तोंडी उत्तम. लेखी निष्काळजी. लक्ष द्यावे. तीनदा लिहिलंय तेच. मला एकदाही वाटलं नाही, की तोंडी उत्तम ती आणि लेखी निष्काळजी ती, या दोन्ही मुली एकच कशा." मग वह्या मिटून म्हणाले, "दर मंगळवारी आमच्याकडे राजनंदिनी ताई येतात, वारज्याहून. ज्या मुलांना वाचायला, लिहायला अवघड जातं त्यांच्यासाठी. दर वेळी विचारतात, सर, तुमच्या वर्गात कुणी आहे का? आणि दर वेळी मी सांगतो, आमच्या वर्गात तसं कुणी नाही."

मी गच्चीवर होतो आणि मला पहिल्यांदाच वाटलं, आपलं तोंड आळीकडे नसतं तर बरं झालं असतं.

"जिनत," सर दाराकडे बघून म्हणाले, "उद्या येशील? काय करू म्हणजे येशील?"

आतून उत्तर यायला वेळ लागला. सर थांबले. चांदभाईही थांबले. कुणी घाई केली नाही.

"माफी नको," ती म्हणाली. "माझं नाव परत त्याच्यावर नको. तो बंद करा."

तो म्हणजे मी.

शनिवारी परिपाठ माझ्याविना झाला. सर अंगणात उभे राहिले आणि साध्या आवाजात, मागच्या रांगेलाही कान द्यावा लागेल इतक्या साध्या आवाजात बोलले. "सोमवारी तुम्ही हसलात. पण हसवलं मी. जो हसवतो त्याची चूक मोठी असते." नाव कुणाचं घेतलं नाही. दुपारी ते स्वतः शिडी लावून वर आले आणि माझी नवी वायर कापून मला खाली उतरवलं. आळीतून कुणीतरी विचारलं, "काय सर, कर्ण्याला काय झालं?" सर म्हणाले, "फार बोलायला लागला होता. आमच्या दोघांनाही जरा गप्प बसू दे."

सोमवारी जिनत आली. आणि मित्रांनो, शाळेत जागा नाही म्हणून राजनंदिनी ताईंची शिकवणी भरू लागली ती याच अडगळीच्या खोलीत, माझ्यासमोर.

ताईंनी आधी तिचे डोळे, कान तपासून घ्यायला सांगितले. मग दवाखान्यात चाचण्या झाल्या. त्यात दोन महिने गेले. डिस्लेक्सिया असं त्याचं नाव निघालं. ताईंनी ते जिनतला अगदी सरळ सांगितलं. "अक्षर दिसलं की त्याचा आवाज आठवतो ना, ती जोडी तुझ्या मेंदूत पटकन लागत नाही. हा आळस नाही आणि तू मठ्ठही नाहीस. तुला वेगळ्या वाटेनं शिकावं लागेल आणि वेळ जास्त लागेल. दोनदा ऐकून पान पाठ होणं मला सात जन्मांत जमणार नाही."

चांदभाईंनी एक परात कल्हई करून पाठवली. ताई त्यात रवा पसरतात आणि जिनत त्यावर बोटानं अक्षर काढते, काढता काढता त्याचा आवाज मोठ्यानं म्हणते. जादू वगैरे काही झालेली नाही. ती चिडते. एकदा तिनं परात ढकलून दिली आणि खोलीभर रवा सांडला. ताईंनी केरसुणी आणली आणि दोघींनी तो भरला. परीक्षेत तिला आता जास्त वेळ मिळतो, आणि सर काही उत्तरं तोंडी घेतात. "निष्काळजी" हा शब्द सरांनी लिहायचा सोडून दिला आहे.

पहिल्या आठवड्यातच तिची नजर माझ्याकडे गेली होती.

"ताई, हा तोच ना?"

"हो, तोच."

"चालू आहे?"

ताईंनी माझी तुटलेली वायर उचलून तिला दाखवली. ती उठली, दोन्ही हातांनी मला धरलं आणि माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून मी तसाच आहे. मला त्यात अपमान वाटला नाही. एवढं तिनं माझ्याकडून मागितलं, याचंच मला बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असं कुणी असेल. कदाचित जे फार बोलतं, हसवतं, गोष्टी सांगतं, तेच असेल. ते वाचताना अडलं तर त्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नका. थोडं थांबा. तुम्हांला कळलं की त्याला येत नाही, तर चार जणांत सांगत सुटू नका आणि माझ्यासारखे मजा बघत गप्पही राहू नका. मदत करील अशा एका मोठ्या माणसापाशी त्याला घेऊन जा. हे कुठं बोलावं आणि कुठं बोलू नये, एवढं मला समजलं असतं तर एका मुलीचे ते पाच दिवस वाचले असते.

गेल्या मंगळवारी ताईंनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. तो तिनं पूर्वी ऐकलेला नव्हता, कुणी पाठ करून दिलेला नव्हता. चार ओळी होत्या. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. अडली, मागे आली, पुन्हा निघाली. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिनं श्वास घेतला. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ती पोचली आणि तिनं कागदावरचं बोट उचललं.

मग जिनतनं विचारलं, "बाहेर ऐकू गेलं?"

"नाही," ताई म्हणाल्या.

त्या चार ओळी कोणत्या होत्या ते मला ठाऊक आहे. मी त्या ऐकल्या आहेत, शब्द न् शब्द. पण तुम्ही कितीही विचारलंत तरी मी सांगणार नाही.